रिकामी बादली परत जाणार नाही

उपकार घेण्याच्या बाबतीत आमच्या आतोबांइतका अडाणी माणूस साऱ्या मोगलाईत दुसरा झाला नसेल. देताना हात आखडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. आतोबांना घ्यायलाच जमत नसे. कुणी तंबाखूची चिमूट पुढं केली, तर ते आधी आपली चंची सोडून त्याला सुपारी देत आणि मगच तंबाखू मळायला घेत. न्हाव्यानं दाढी करताना एखादा विनोद सांगितला, तर त्याला स्वतःचा एक ऐकवल्याशिवाय ते उठू देत नसत. आणि आतोबांचे विनोद फार लांब असत. चतुर्थीला लिंबागणेशच्या गणपतीला जात, पण देवाकडे काही मागत नसत. “मागितलं अन् त्यानं दिलं म्हंजे?” ते विचारत. “फेडायला आपल्याकडं काय हाय?”

पण त्यांचा खरा कडवा धर्म भांड्यांचा. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही रीत आपल्याकडं घरोघर आहे आणि अडचणीच्या वेळी घरोघर ती विसरतातही. आतोबांना विसरणं ठाऊक नव्हतं. एकदा आत्यानं आमचं पातेलं नुसतं घासून परत पाठवलं. मागोमाग आतोबा बोडक्या डोक्यानं गावातून धावत आले, पातेल्यात ओंजळभर चिंचा टाकल्या आणि मग पागोटं घरी राहिल्याचं लक्षात येऊन आमच्याच ओसरीवर अंधार पडेपर्यंत लपून बसले.

अशा माणसाच्या गावात सिंदफणा नदीचं पाणी शिरलं. जमिनीखालच्या पेवांतली ज्वारी कुजली, घरं बसली. आमच्या निजामी मुलखाच्या मदतीला इंग्रजी मुलखातल्या छावणीतून गोरी पलटण आली. परक्या राज्यातल्या त्या शिपायांनी कापडी होड्यांतून माणसं काढली, माळावर राहुट्या ठोकल्या, घराघराला एक लोखंडी बादली दिली आणि रोज ती डाळभातानं भरून दिली. काम चोख होतं. मी तहसीलदारांचा पेशकार, म्हणजे कागद पुढं करणारा कारकून, असल्यामुळे चोख काम ओळखण्याची सवय नव्हती, तरी ओळखलं. आतोबाही ते जेवत, पण भिंतीकडं तोंड करून. सकाळी उठून ते पलटणीच्या खेचरांना गवत कापून घालत. शिपाई नको म्हणाले तर खेचरांना विचारा म्हणत.

दसरा जवळ आला, पाणी उतरलं, आणि पलटणीचा पसारा आवरू लागला. आधी होड्या गेल्या, मग डॉक्टरांची राहुटी. गावाचे चेहरे उतरले. चावडीवर एकजण म्हणाला, “साहेबाचे पाय धरू. आनखी महिनाभर ऱ्हावा म्हनू.”

“कावून?” आतोबा उसळले. “तुला नांगर धराया हात न्हाईत का बे? घर पडताना त्यांनी टेकू लावला, लई उपकार झाले. आता टेकू काढल्याबिगर घर उभं हाय का न्हाई, कळंल कसं?”

दुसऱ्या दिवशी पलटणीच्या कप्तानानं आपल्या दुभाष्या जमादाराकरवी दवंडी पिटवली: उद्या सकाळी पलटण निघेल, सर्वांनी आपापली बादली रिकामी करून माळावर आणावी.

तहसीलदारसाहेबांना हा मोका सोडवेना. त्यांनी माळावर मांडव घातला, कमान उभारली, गालिचे आणवले. मानपत्र मी लिहिलं. त्यात सूर्य होता, समुद्र होता, बुलबुलही होता. पूर तेवढा नव्हता.

सकाळी मांडवात सारे नटूनथटून बसले, आणि बादली एकही आली नाही. शिपाई गावात जाऊन आले: घरं उघडी, बादल्या गायब, माणसंही गायब. कप्तानाच्या कपाळावर आठी पडली. तहसीलदारांचा चेहरा शेरवानीइतका पांढरा झाला. “चोर!” ते ओरडले. “मेरी नाक कटा दी! दुपारपर्यंत बादल्या आल्या नाहीत तर घराघराची झडती घ्या, पाटलाला बांधून आणा!” ज्या गावानं महिनाभर परक्याचं अन्न खाल्लं, त्याच्या माथी आता चोरीचा शिक्का बसणार होता.

चिखलातल्या पावलांचा माग धरून मी डोंगराच्या वाटेनं धावलो. समोरून गाव येत होतं. बायाबापड्या, म्हातारे, सगळ्यांच्या डोक्यावर बादल्या. सगळ्यांच्या पुढं आतोबा.

“आतोबा, हे काय मांडलंय? बादल्या रिकाम्या मागितल्यात! हुकूम आहे!”

“हुकूम त्येचा खरा. पर बादली माझ्या दारातून निघणार हाय नं?”

“मग त्यातलाच मूठभर डाळभात ठेवायचा!”

“डाळभात बी त्येंचाच. गुळाचा गणपती अन् गुळाचाच निवद? डोंगर काय बुडला न्हवता.”

बादल्यांत सीताफळं होती. बालाघाटाच्या उतारावरची, रानची, कुणाच्याही मेहेरबानीची नसलेली.

मांडवात कप्तानानं एक फळ उचलून बोटानं वाजवलं. दगड. “ये क्या है?”

“सीताफल, साब,” जमादार म्हणाला. “कच्चा है.”

“कच्चा क्यूँ दिया?”

आतोबा पुढं झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्या साहेबाकडं सरळ पाहिलं. “जमादार, त्येंला सांगा. गवतात घालून ठिवा. छावणीला पोचंस्तवर डोळे उघडतील. ज्या दिशी फळ पिकंल, त्या दिशी समजा, हितं आमच्या हातानं आमची पेरणी झाली.”

जमादारानं सांगितलं. सामानावरचा गोरा शिपाई एक बादली पालथी करायला वाकला; कप्तानानं त्याचा हात धरला. बादल्या भरलेल्याच खेचरांवर चढल्या, आणि पलटण निघाली. मानपत्र तहसीलदारांनी खेचरांच्या शेपटांपुढं वाचलं. गाव शिवेपर्यंत पोचवायला गेलं होतं. परतताना कुणी रडलं नाही. मी पुढं पुष्कळ दरबार पाहिले, तोफांच्या सलाम्या ऐकल्या. पण देणाऱ्याच्या नजरेला नजर देऊन उभं राहिलेलं गाव तेवढं एकच पाहिलं, आणि ते माझं होतं.

त्या पेरणीचं म्हणाल, तर रब्बीची ज्वारी अशी आली की पेवं अपुरी पडली. आतोबांनी पहिलं पायलीभर माप पलटणीच्या राहुट्या होत्या त्या माळावर पाखरांना टाकलं. हिशेब मिटला, असं ते म्हणाले नाहीत. त्यांचा हिशेब मिटणारा नव्हताच.

पुढं बऱ्याच वर्षांनी, अशाच दसऱ्याच्या दिवसांत आतोबा गेले. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून गावभरच्या घरांतून पिठलं-भाकरी गेली. आमचंही पातेलं गेलं. अशा घराकडून कुणी भांडं भरून यायची वाट पाहत नाही. तेराव्यानंतर आत्या स्वतः पातेलं घेऊन आली. आत एक सीताफळ होतं.

“आगं, आत्ता कशाला हे?” मी म्हणालो.

“मी न्हाई, त्येंनीच आजारात मानसं सांगून ठिवली हुती, तेराव्याला फळं उतराया,” आत्या म्हणाली. “म्हनले, लई भांडी येतील.”

फळ अजून कच्चं होतं. मी ते गवतात घातलं, आणि रोज उठून बघत राहिलो.