भिंतीला टेकवलेले पाय
तिन्हीसांजेला शेजारून धुपाचा वास आला की मला आमच्या वाशीच्या फ्लॅटमधली आई आठवते, जमिनीवर आडवी पडून दोन्ही पाय भिंतीला उंच टेकवलेली. पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट असेल. महापेच्या एका कंपनीत ती दिवसभर उभ्यानं पॅकिंग करायची. पिंडऱ्यांवरच्या निळ्या शिरा गाठीगाठींनी फुगल्या, तेव्हा डॉक्टरांचं सांगणं तिनं हट्टानं पाळलं. सकाळी चालायला जायची, पाव सोडून ज्वारीची भाकरी आणि ताटभर पालेभाजी खायची, आणि घरी आल्याआल्या पाय वर. ठणका खरंच कमी झाला. एकदा साताऱ्याहून आत्या आली ती दारातच कडाडली, “अगं, दिवेलागणीला लोळतीस काय? लक्ष्मी यायची वेळ ही!” मी घाबरले. आईनं पाय तसूभरही हलवले नाहीत. “लक्ष्मी आलीय, वन्सं,” ती शांतपणे म्हणाली, “दिवसभर उभी होती, तिला जरा पडू द्या.” बाबांनी हसू दाबत स्वतःच देवापाशी दिवा लावला. आता माझ्याही पिंडऱ्यांवर तशाच शिरा आहेत. संध्याकाळी मी पाय भिंतीला लावते, आणि दारात कुणीही आलं तरी खाली घेत नाही.