तिची साक्ष, माझ्या तोंडून

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवासमोर हात जोडून उभी राहते तेव्हाही दुसरंच काहीतरी बोलते आणि मागं फिरते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाच्या डोळ्यांत बघून हे सांगायची हिंमत माझ्यात नाही — ती कधीच नव्हती, आणि सगळी गोष्ट तीच आहे.

लग्न होऊन सांगलीहून चेन्नईला आले तेव्हा आम्ही राहायचो त्या वेलचेरीत जिकडं बघावं तिकडं इमारती उठत होत्या. नवरा सकाळी बाहेर पडायचा तो दिवेलागण उलटून गेल्यावर यायचा. दिवसभर मी एकटी. बोलायला कुणी नाही — एकदा दुपारी मी कुकरला उद्देशून काहीतरी मोठ्यानं बोलले आणि माझी मीच घाबरले. तेव्हापासून तमीळ शिकायचं मनावर घेतलं. खालच्या मजल्यावरच्या मामींकडून, भाजीवालीकडून, शेअर ऑटोत शेजारी बसणाऱ्या बायकांकडून. दोन-तीन वर्षांत इतकं चांगलं यायला लागलं की लोक विचारायचे, तुम्ही तंजावरकडच्या मराठी का? मला याचा गर्व होता. त्या शहरात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं ना.

म्हणून मराठी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणाले. आमच्याच भागातल्या एका बांधकामावर नांदेडकडचं एक जोडपं मजुरीला होतं. तिथल्या मुकादमानं — इकडं त्याला मेस्त्री म्हणतात — त्या बाईवर बलात्कार केला होता. खटला आता उभा राहिला होता आणि तिला मराठीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. कोर्टाला दुभाषी हवी होती, शक्यतो बाईमाणूस. "तुमच्याइतकं तमीळ आपल्यात कुणाला येतंय?" सेक्रेटरी म्हणाले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

तिचं खरं नाव लिहीत नाही. मंगल म्हणते.

कोर्टाच्या व्हरांड्यात ती भिंतीला टेकून उभी होती. विशीतली, हडकुळी, डोक्यावरून पदर. मी मराठीत बोलले तशी तिनं माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. सरकारी वकिलांनी मला बाजूला घेऊन समजावलं. तक्रार द्यायला काही दिवस उशीर झाला होता, त्यामुळं डॉक्टरांच्या तपासणीत फारसं काही मिळालं नव्हतं. पोलिसांतला पहिला जबाब एका तेलुगू गवंड्यानं मोडक्या हिंदीतून कसाबसा पोचवला होता, त्यावर विसंबता येत नव्हतं. आता सगळा भार ती आज काय बोलते त्यावर. "तिच्या तोंडून स्पष्ट यायला हवं," ते म्हणाले. तिच्या तोंडून — म्हणजे माझ्या.

अशा खटल्यात खोलीचं दार बंद करतात. बाहेरच्या कुणाला आत येऊ देत नाहीत, तिच्या नवऱ्यालाही बाहेर बसवलं होतं. आत न्यायाधीश, दोन्हीकडचे वकील, टायपिस्ट, कारकून आणि पिंजऱ्यात तो मेस्त्री. सगळे पुरुष. महिला कॉन्स्टेबल होती, ती दाराबाहेर. मला शपथ दिली — जे बोललं जाईल त्याचा खरा अर्थ सांगेन. न्यायाधीश वाईट माणूस नव्हते हेही सांगते. त्यांनी मंगलला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मला एवढंच म्हणाले, "'ती म्हणते' असं नको. ती 'मी' म्हणाली की तुम्हीही 'मी' म्हणायचं."

सुरुवातीला सगळं सोपं गेलं. माहेर कुठलं, सासर कुठलं, काम काय, खोली कुठं होती. 'नान' म्हणजे मी. नान विटा वाहत होते. नान पाणी आणायला गेले. टायपिस्टची बोटं टकाटक चालत होती. सरकारी वकिलांनी कौतुकानं मान हलवली, तेसुद्धा माझ्या लक्षात आहे.

मग त्यांनी विचारलं, त्यानं काय केलं.

मंगलनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं. तिच्या गावच्या भाषेत, शरीराच्या भागांची नावं घेऊन, त्यानं तोंड कसं दाबलं, काय केलं, नंतर किती दुखलं. आडपडदा ठेवणारे शब्द तिला येत नसतील. किंवा येत असतील आणि ते वापरायचे नाहीत असं ती ठरवून आली असेल. मधे कुठं अडली नाही.

ती थांबली आणि खोलीतले सगळे पुरुष माझ्याकडं बघायला लागले.

मला शब्द येत नव्हते का? येत होते. एकेक शब्द येत होता. मी तोंड उघडलं आणि 'मला' म्हणायची वेळ आली — मला त्यानं असं केलं, माझ्या अंगाला असं — इस्त्रीची साडी नेसून, कपाळाला कुंकू लावून, त्या सगळ्यांसमोर, माझ्या तोंडानं? ते वाक्य मला चिकटेल असं वाटलं. पिंजऱ्यातला तोही बघत होता. मी म्हणाले, "तप्पा नडंदुकिट्टान." वाईट वागला. एवढंच.

वकिलांच्या कपाळाला आठी पडली. वाईट म्हणजे काय? जबरदस्ती पूर्ण झाली की नुसता प्रयत्न? तिला नीट विचारा. मी विचारलं. ती गोंधळून म्हणाली, "झालं की ताई. समदं झालं. आत्ता सांगितलं न्हवं?"

आणि मी त्यांना सांगितलं — प्रयत्न केला.

'झालं' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. कसं झालं, कुठवर झालं. आणि त्याचं उत्तर पुन्हा मीच दिलं असतं, 'मला' म्हणून. 'प्रयत्न' म्हटलं की प्रश्न संपत होते. संपले. आरोपीच्या वकिलांनी तर उलटतपासणीही थोडक्यात आटोपली. त्यांना हवं ते मी आधीच देऊन टाकलं होतं.

इथवर एखादी म्हणेल, घाबरली असेल बिचारी. थांबा.

साक्ष टाइप झाली की ती साक्षीदाराला तिच्या भाषेत वाचून दाखवायची असते. बरोबर आहे का विचारायचं आणि मग सही घ्यायची. कारकुनानं तमीळमध्ये एकेक वाक्य वाचलं, आणि मी तिला मराठीत सांगत गेले. कारकून 'वाईट वागला' म्हणाला. तो 'प्रयत्न केला' म्हणाला. मी मात्र तिला तिचेच शब्द परत सांगितले — ते सगळे शब्द, हळू आवाजात, तिच्या कानाशी. त्या खोलीत दुसऱ्या कुणाला ते कळणार नव्हतं ना. म्हणजे माझी जीभ वळत होती. नीट वळत होती. मंगल एकेका वाक्याला मान डोलवत गेली. शेवटी वाकड्यातिकड्या अक्षरांत तिनं स्वतःचं नाव लिहिलं, माझ्या वाक्यांखाली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुमी व्हता म्हून बोलता आलं, ताई." मी तिला चहा पाजला. गाडीनं घरी आले, भात लावला. नवऱ्यानं विचारलं, कसं झालं? "बरं झालं," मी म्हणाले.

निकाल लागेपर्यंत बरेच दिवस गेले. वकिलांचा फोन नंबर माझ्याकडं होता. एका फोनचं काम होतं — माझ्याकडून चूक झाली, तिला पुन्हा बोलवा. तिला पुन्हा बोलावता आलं असतं. नंबर समोर असायचा आणि मी भाजी निवडायला घ्यायची.

बलात्कार शाबीत झाला नाही. विनयभंग झाला असं धरून त्याला शिक्षा दिली, आणि ती त्यानं आत काढलेल्या दिवसांतच भागली. तो सुटला. सरकारी वकिलांनी मंगलच्या नवऱ्याला सांगितलं, तुझी बायकोच कोर्टात म्हणाली की नुसता प्रयत्न झाला. आम्ही काय करणार?

ती दोघं माझ्या घरी आली. पत्ता मंडळातून मिळवला असणार. या म्हटलं तरी नवरा आत आला नाही, जिन्यातच उभा राहिला. त्याच्या मागं मंगल.

"ताई," तो म्हणाला, "ही म्हणती म्या समदं सांगितलं. वकील म्हणतो, न्हाई सांगितलं. मंग ही घरी खोटं बोलली का कोर्टात? तुमी तिथं व्हता. काय ते खरं सांगा."

तो चिडलेला नव्हता. चिडलेला असता तर बरं झालं असतं. थकलेला होता, आणि त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मंगलच्या चेहऱ्यावर तर काळजीही नव्हती. आता ताई सांगणार आणि मिटणार — इतका विश्वास मी त्यानंतर कुणाच्याच तोंडावर पाहिला नाही.

मी म्हणाले, "खूप दिवस झाले हो. मला आता नीट आठवत नाही."

"ताई?" मंगल म्हणाली. एवढंच. तिला लगेच कळलं नाही. मग कळलं. मी खाली बघितलं, तिनं नाही बघितलं.

"चल," नवरा तिला म्हणाला. पायऱ्या उतरताना तो पुढं होता आणि ती बरीच मागं.

पुढं सेक्रेटरींकडून कानावर आलं की त्यानं तिला माहेरी नेऊन सोडलं आणि तो एकटाच दुसरीकडं कामाला गेला. माहेर कुठलं, ते मला माहीत होतं. साक्षीत पहिलाच प्रश्न तो होता. मी गेले नाही, पत्र टाकलं नाही. कोर्टातून पुन्हा एकदा दुभाषीसाठी विचारणा आली तेव्हा मी सांगितलं, माझं तमीळ तितकं चांगलं नाही.

मंगलनं त्या दिवशी काहीच लपवलं नव्हतं. सगळं सांगितलं होतं, मोठ्यानं, माझ्याकडं बघून. मी ते ऐकलं होतं. मला आजही शब्द न् शब्द आठवतो.