लाल दोऱ्याचं पिपेट

सरांनी एक पिपेट उचललं, त्याला लाल दोरा बांधला आणि माझ्यापुढे ठेवलं.

"हे तुझं. स्टँडवरच्या पिपेटांना बाकीच्यांना तोंड लावावं लागतं."

जळगावच्या एका कॉलेजची प्रयोगशाळा. ऐंशीच्या दशकाची अखेर. पिपेट म्हणजे मोजून द्रव घ्यायची काचेची नळी. तेव्हा तोंडानंच ओढायची. ॲसिडसुद्धा. आम्ही चौघं संशोधन करत होतो. त्यात बौद्ध मी एकटी. ॲसिडची कुणाला भीती नव्हती, माझ्या ओठांची होती. मी मान खाली घालून ते पिपेट घेतलं.

माझं काम अल्कोहोलच्या ऑक्सिडीकरणाचा वेग मोजायचं. सल्फ्युरिक ॲसिडात सेरियमचं पिवळं द्रावण, त्यात कणभर रुथेनियम. हा धातू नसला तर अभिक्रिया रखडते. ठरल्या वेळी नमुना काढायचा, उरलेलं सेरियम मोजायचं, आलेखावर बिंदू मांडायचे. बिंदू सरळ रेषेत यायला हवेत. माझे येईनात. दोऱ्याच्या पिपेटाच्या टोकाचा टवका उडालेला, द्रव कधी जास्त पडायचा, कधी कमी.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "सवलतीनं ॲडमिशन मिळते. हात मिळत नाही."

बाकीचे हसले. मी डबा जिन्यात बसून खायला लागले. दिवसेंदिवस कुणाशी बोलणं नाही. एकटं पडलं की माणूस आधी स्वतःलाच चोर ठरवतं. मलाही वाटायला लागलं, दोष आपल्याच हातात असेल.

रविवारी धरणगावला गेले. आई जिनिंगमधून आलेली, केसांत कापूस. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुनी काय चूक शे वं माय? मंग मान खाले कसाले?"

आणि भाकरी थापायला बसली.

सोमवारी अभिक्रिया सुरू केली. वेळ झाली तसं स्टँडवरचं पिपेट उचललं आणि सगळ्यांदेखत तोंडाला लावलं. दिवसभर त्यानंच नमुने काढले. संध्याकाळी बिंदू रेषेत बसले. पिपेट धुऊन परत स्टँडवर ठेवलं.

सर जवळ आले. "दुसरा गाईड बघ."

"नाही सर. माझं काम इथं चाललंय."

दुसऱ्या दिवशी तिघांनी आपापली पिपेटं विकत आणली, कपाटात कुलूप लावून ठेवली. स्टँडला कुणी शिवेना. त्या लांबलचक टेबलाशी मी एकटी. प्रबंधावरच्या सहीसाठी मी सरांपुढे हात जोडणार नव्हते आणि टेबलही सोडणार नव्हते. सरांना माझे आकडे चुकीचे ठरवायचे असतील, तर त्यांनी माझ्या शेजारी उभं राहावं, मी वापरलेल्या पिपेटाला तोंड लावावं, आणि मग ठरवावेत.