गोलकीपरचे वार आणि नवा मॅनेजर

हर खास व आम यांना इत्तिला देण्यात येते की, निजामाच्या अमदानीत परभणी शहरावर एकदा असे संकट कोसळले होते, ज्याची नोंद कोणत्याही सरकारी दफ्तरात सापडणार नाही. दफ्तरवाल्यांना त्याचे गांभीर्य कळले नाही, हा त्यांचा दोष. कापसाचे भाव पडले तेव्हाही परभणीकर एवढे चेहरे पाडून बसले नव्हते. तरी काळीज घट्ट करून ऐका: आमच्या फुटबॉल क्लबाचा मॅनेजर बदलणार होता.

'मॅनेजर' हा शब्द आम्ही जिनिंग फॅक्टरीतून उचलला होता. तिथे जो माणूस स्वतः काही करत नाही आणि ज्याच्यावाचून काही होत नाही, त्याला मॅनेजर म्हणत. क्लबात ते पद आमच्या फोकानियाचे, म्हणजे हायस्कुलाचे, ड्रिल मास्तर भूषवत. खेळणारे अकरा जण तेच निवडत, चेंडूत हवा तेच भरून घेत, आणि हे लोक चेंडूमागे पळतात, सरकारच्या मागे लागलेले नाहीत, हे पोलिसांना तेच पटवून देत. हैदराबादेकडचे मुसलमान गृहस्थ. मिशी नव्हती, पण बोलणे भरघोस मिशी असल्यासारखे. त्यांचा तबादला वरंगलला झाला.

मी त्या क्लबाचा गोलकीपर. जिंतूरकडच्या एका खेड्यातून शिकायला आलो तेव्हा माझ्याकडे एक वळकटी आणि भरपूर भूक एवढीच मालमत्ता होती. मास्तरांनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले, मला गोलात उभे केले आणि संध्याकाळपर्यंत जेवणाचा बंदोबस्तही केला. क्लबाच्या शौकिनांपैकी सात घरी माझे सात वार लावले. गरीब मुले वार लावून शिकतच त्या काळी. पण गोल अडवण्यासाठी ज्याचे वार लागले असा मराठवाड्यातला पहिला विद्यार्थी मीच असेन.

एक गोष्ट मात्र कोणी बोलून दाखवली नव्हती, ती मला आपोआप समजली होती. हे वार गोलकीपरचे होते, माझे नव्हते. नव्या मॅनेजरने आपला गोलकीपर आणला की माझी भाकरी बंद. भाकरी बंद की शाळा बंद. शाळा बंद की वडिलांच्या मागे औताला. त्यामुळे साऱ्या गावाला नव्या मॅनेजरचे कुतूहल होते, पण मला त्याची धास्ती होती.

त्यात माझे दुर्दैव असे की, ज्या घरांत मी जेवत होतो त्या घरांत एकमत नव्हते.

सोमवार होता कापड दुकानदार अप्पांचा. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणारे अप्पा तितक्याच निष्ठेने फुटबॉल बघत. त्यांचा उमेदवार होता पेन्शनीत निघालेला पोलीस जमादार.

"जमादारच पायजेत," अप्पा म्हणत. "नुसतं खाकरलं तरी बाजार गप होतोय. तुला काय वाटायलंय?"

माझ्या तोंडात शेंगदाण्याच्या चटणीचा भला मोठा घास. बोलणे शक्य नव्हते, म्हणून मी मान हलवली.

"बघा!" अप्पा स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले. "गोलकीपरबी म्हणायलाय जमादार! वाढा त्याला आनखी."

बुधवार वकीलसाहेबांचा. त्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता, पण खेळाच्या नियमांचे इंग्रजी पुस्तक हैदराबादेहून मागवून तोंडपाठ केले होते. त्यांचा उमेदवार कोण ते त्यांनी कधीच सांगितले नाही.

"मला स्वतःला पदाची मुळीच हाव नाही," ते म्हणत.

"पण लोकांनी आग्रहच केला तर?" वकिलीणबाई माझ्या वरणावर तूप सोडता सोडता विचारत.

"लोकेच्छेपुढे कोणाचं काय चालणार? का रे?"

ज्या माणसाच्या वरणात एवढे तूप आहे त्याच्या उमेदवारीत काही खोट असेल, असे मला अगदी मनापासून वाटेना. मी होय म्हणालो.

शनिवार पाटलांचा. ते ताडकळसचे. पोरांच्या शिक्षणासाठी परभणीत बिऱ्हाड केलेले, पण ओरडण्याचा आवाज शेतातलाच. त्यांना तालमीतले वस्ताद मॅनेजर म्हणून हवे होते.

"फुटबॉल म्हंजी काय रं? कुस्तीच की! मधी चेंडू तेवढा आलाय." आणि माझ्या ताटात दोन धपाटे आणि दह्याचा गोळा येऊन पडे. "वस्तादाच्या हाताखाली तू असा होशील की चेंडू तुला बघूनच माघारी फिरल. हाय का न्हाई?"

"हाय," मी म्हणालो. धपाटे गरम होते हो!

मंगळवार, गुरुवार आणि रविवार यांची मते या तिघांकडून उसनी घेतलेली असत. राहिला शुक्रवार. तो खुद्द मास्तरांचा. सुरुवातीला ते मला पाव आणि केळी देत. "तेरे घर के लोगों को बुरा नहीं लगना," म्हणत. एके शुक्रवारी आतून खिचडी-खट्ट्याचा वास आला आणि मीच निर्लज्जपणे म्हणालो की मास्तर, मला तेच द्या. ते उठले. आत गेले आणि स्वतःच्या हाताने ताट घेऊन आले. त्यानंतर पुन्हा कधी पाव आला नाही.

तबादल्याचा हुकूम आल्यापासून अप्पांच्या दुकानाच्या ओट्यावर दुसरा विषय नव्हता. गिऱ्हाईक धोतरजोडी मागे, आणि अप्पा त्याला आधी विचारत, तू कुणाकडचा? खबरा तर अशा येत की वर्तमानपत्रवाल्यांनी लाजावे. जमादार काल सायंकाळी मैदानाकडे तोंड करून पान खाताना दिसले, याचा अर्थ त्यांच्या मनात काहीतरी आहे. वस्तादांनी शिंप्याकडे खाकी चड्डी शिवायला टाकली, म्हणजे निकाल लागलाच! दोन दिवस पाटील ओट्यावर छाती काढून बसले. मग चड्डी शिवून आली आणि ती वस्तादांच्या धाकट्या पोराची निघाली. अप्पांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

आणि मी? मी सोमवारी जमादाराचा, बुधवारी लोकेच्छेचा आणि शनिवारी वस्तादाचा होतो.

मास्तरांच्या निरोपाचा सामना शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी ठरला. समोर रेल्वेवाल्यांचा संघ. गाव लोटले होते. जमादार कडक इस्त्रीचे कपडे घालून आले होते. वस्ताद दंड दिसतील अशा बेताने उभे होते. वकीलसाहेबांच्या काखेत पुस्तक होते. सामना बरोबरीत सुटला. त्या दिवशी मी जीव तोडून खेळलो, कारण मला वाटत होते की हा माझाही निरोपाचाच सामना आहे.

हार घातले गेले. मास्तर उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मॅनेजर तुम्ही लोक ठरवा. पण माझं ऐकाल तर गोलकीपरला विचारा. पूरे मैदान में वो एकच आदमी है, जिसको सब सामने से दिखता."

सगळ्या गर्दीने माझ्याकडे पाहिले. त्यातले तीन चेहरे अगदी एकसारखे हसत होते. मी चेंडू पोटाशी घट्ट धरला. गोलात तीन बाजूंनी तीन चेंडू एकदम आले तर काय करायचे, हे मास्तरांनी मला शिकवले नव्हते.

"लाजायलाय पोरगं," अप्पा पुढे आले. "मी सांगतो. दर सोमवारी म्हणतोय, जमादार!"

"माफ करा," वकीलसाहेब म्हणाले, "बुधवारी याने माझ्या... म्हणजे लोकेच्छेच्या बाजूने मत दिलेलं आहे."

"आरं, शनवारी तर वस्ताद म्हनलाय की!" पाटील गरजले. "धपाटं हातात धरून म्हनलाय!"

माझे तीन वार तर गेलेच, असे मी समजलो. उसन्या मतांचे वारही रात्रीपर्यंत त्यांच्यामागे जातील. वळकटी बांधायला किती वेळ लागेल, याचाही विचार करून झाला. तेवढ्यात मास्तर खदखदून हसले.

"इसके पेट में तीन मॅनेजर हैं!"

मग जो हशा उसळला तो स्टेशनपर्यंत गेला असेल. पण तिघे काही हसेनात.

"माझ्या घरचंच खरं," पाटील म्हणाले. "माझ्याकडं पोटभर खातोय. भरल्या पोटी मानूस खोटं बोलत न्हाई."

"मग आमच्याकडून काय उपाशी उठतोय व्हय?" अप्पा भडकले. "इचारा त्याला, सोमवारी किती भाकरी खातोय!"

"भाकरीची संख्या हा पुरावा होऊ शकत नाही," वकीलसाहेब म्हणाले. "आमच्याकडे तूप असतं."

जमादारांनी मधेच खाकरून पाहिले. एकही माणूस गप्प झाला नाही.

मास्तरांनी हात वर केला. त्यांचे हसू आता मावळले होते. "मी तर चाललो," ते हळू आवाजात म्हणाले. "मॅनेजर होईल कोणीतरी. शुक्रवारी या पोराला जेवू कोण घालणार, ते आधी बोला."

पुढचे सांगण्याआधी एक सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच झुरणार नाही. पुढे वकीलसाहेबच मॅनेजर झाले. चालू सामन्यात पुस्तक उघडून नियम वाचून दाखवत, म्हणून रेल्वेवाले त्यांना फार घाबरत. मला त्यांनी गोलातून हलवले नाही. एका वर्षी हात मोडून घरी बसावे लागले, दुसरा गोलकीपर उभा राहिला, तरी माझे वार चालूच राहिले. तेव्हा मला कळले की ते बहुधा पहिल्यापासूनच माझे होते. मी मॅट्रिक झालो, नोकरीला लागलो, आज चार लोकांत बसून या गप्पा मारतो, ते त्या सात चुलींच्या जिवावर. देवापुढे हात जोडतो तेव्हा मला आधी ती ताटे दिसतात. देवाने एवढे समजून घ्यावे.

तर मास्तरांचा प्रश्न हवेत होता.

"शुक्रवार माझा," पाटील म्हणाले. "शनवारला लागूनच हाय. पोरगं मुक्कामालाच राहील."

"हरकत आहे," वकीलसाहेब म्हणाले. "आम्हाला तर कोणी विचारलंच नाही."

दोघे हमरीतुमरीवर आले. तेवढ्यात अप्पा, गेला महिनाभर जमादारांच्या नावाने ज्यांनी ओटा डोक्यावर घेतला होता ते अप्पा, त्या दोघांच्या मधे घुसले. बाजूला खुद्द जमादार उभे आहेत याचेही त्यांना भान राहिले नाही. माझा हात धरून त्यांनी मला आपल्याकडे ओढले आणि ओरडले:

"मॅनेजर तुमी कुनालाबी करा! पोराचा शुक्रवार मला द्या!"