दार उघडं ठेवून बसवलेला नाच

गॅदरिंगची तारीख ठरली की त्याच दिवशी मी याद्या करायला बसायची. कपड्यांची एक, कॅसेटची एक आणि तिसरी, सगळ्यात कटकटीची, पालकांच्या परवानगीची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बेल्ह्याजवळच्या एका गावात मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होते. नाच-नाटक बसवायचं काम माझ्याकडे कधी आलं ते आठवत नाही. एकदा आलं ते राहिलं. मुलांच्या नाटकाला कुणाची आडकाठी नसे. मुलींचा नाच म्हटला की मात्र घरोघरी जावं लागे.

याचं कारण नारायणगाव. पाडव्याच्या आधी तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची माणसं आपल्या जत्रेसाठी तमाशा ठरवायला येतात. आमच्या पालकांपैकी बरेच जण कधी ना कधी सुपारी द्यायला तिथे जाऊन आलेले. दुसऱ्याच्या घरची बाई नाचलेली त्यांना चालायची. आपल्या पोरीने शाळेच्या स्टेजवर हात वर केला की त्यांना राहुटी दिसायची.

“बाई, लेझीम शिकवा की. नाच कशाला?” एकाने विचारलं.

“लेझीम म्हणजे तरी काय असतं, भाऊ?”

“त्यात दम लागतो. नाचात लोक बघत्यात.”

मी सगळ्यांना तीच वचनं द्यायची. घुंगरू नाहीत. सिनेमाचं गाणं नाही. साड्या आयांच्याच. आणि तालीम उघड्यावर, पटांगणात, नाहीतर हॉलचं दार सताड उघडं ठेवून. ज्याला बघायचं त्याने केव्हाही यावं.

त्या वर्षी एकाच बापाने वाद घातला नाही. कांद्याचा टेम्पो चालवायचा. त्याची मुलगी नववीत होती, उंच, काटक, एकदा दाखवलेलं पाऊल न विसरणारी. पाचवीत असताना बैलगाडीवरून पडून तिचा डावा पाय मोडला होता, पण तो इतका चांगला जुळला की ती सांगेपर्यंत मला पत्ताही नव्हता.

“करू द्या की नाच,” तो म्हणाला. “पुढच्या रांगंत ठिवा म्हंजे झालं.”

मी खूश होऊन यादीवर खूण केली आणि पुढच्या घरी गेले. पुढच्या घरी अर्धा तास भांडण झालं, तेव्हा या घरचं एवढं सहज कसं झालं, हा विचार करायला वेळ मिळाला नाही.

नाटुकलं मीच लिहिलं होतं. पाणवठ्यावरच्या बायका, त्यांची पाण्याच्या पाळीवरून भांडणं, मध्ये नाच. त्यात एक म्हातारी होती. ती पायरीवर बसून सगळ्यांना बोल लावते. ते काम कुणालाच नको होतं, कारण त्यासाठी केसांत पावडर घालावी लागे.

तालमी सुरू झाल्या आणि बाजाराच्या दिवशी एक अनोळखी माणूस आला. फाटकाबाहेर मोटारसायकल लावली, लिंबाखाली बसला, तंबाखू मळली आणि बघत राहिला. शाळेत त्याचं कुणी शिकत नव्हतं. मग तो अधूनमधून येऊ लागला. डोळ्यांवर काळा गॉगल, त्यामुळे तो कुणाकडे बघतोय ते कळायचं नाही. एकदा त्याने गॉगल काढला, तेव्हा कळलं. तो त्या टेम्पोवाल्याच्या मुलीकडे बघत होता आणि तिच्या तोंडाकडे नाही, पायांकडे.

मी आमच्या शिपाईमामांना चौकशीला पाठवलं.

“काय म्हणतो?”

“त्योच इचारतो मला. ती उंच पोर दमती का म्हणं लवकर. गिरकी घेताना पाय डगमगतो का म्हणं.”

“आणि?”

“म्या म्हणलं, तुमाला काय करायचंय पावणं? तर हसला. बाई, फडवाला असनार बघा. पोरी हेरत हिंडत्यात.”

माझ्याही मनात तेच होतं. इतक्या घरांत ज्या भीतीवर मी हसले होते, ती माझ्याच पटांगणाबाहेर मोटारसायकल लावून बसली होती. हेडसरांना सांगितलं असतं तर त्यांनी नाचच रद्द केला असता. पोरीच्या घरी सांगितलं असतं तर तिची शाळाच बंद झाली असती. म्हणून मी कुणाला न विचारता सोपा मार्ग काढला. तालीम प्रयोगशाळेच्या खोलीत नेली, दार लावलं आणि त्या मुलीला मागच्या रांगेत टाकलं.

“बाई, माजं काय चुकलं?” तिने विचारलं.

“काही नाही. तू उंच आहेस. मागे शोभतेस.”

तिचा विश्वास बसला नाही. माझ्याकडे बघत बघत ती मागे गेली.

दार लावल्याची बातमी गावात पोचायला एक दिवस पुरला. दुसऱ्या दिवशी टेम्पोवाला शाळेत आला आणि चप्पल न काढता स्टाफरूममध्ये शिरला.

“बाई, तुमी दार उघडं ठिवणार व्हता.”

“भाऊ, बाहेर एक माणूस येऊन बसतो. मला त्याचं लक्षण ठीक दिसत नाही.”

“कोन? मोटारसायकलवाला? त्यो आमचा पावणा हाय!”

मी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. उभ्यानेच सगळं बोलून मोकळा झाला. तो माणूस बैलांचा व्यापारी, आणि मुलीसाठी जे स्थळ आलं होतं त्या मुलाचा मामा. पोरीचा पाय मोडला होता हे त्यांच्या कानावर गेलं होतं. बघायच्या कार्यक्रमात पोरगी पाटावर बसते, चहा देते, चार पावलं चालते. त्यात पायाचं काय कळणार? म्हणून बापानेच सुचवलं होतं, नाचताना बघा, मग बोला. परवानगीला एक मिनिट लागलं नव्हतं, ते यासाठी.

“आता त्यो म्हनतो, पोर मागं का घातली? दार का लावलं? पायात खोट हाय म्हनून झाकताय. आता तुमीच निस्तरा. गॅदरिंगला त्ये येनार हायेत. पोर सगळ्यात पुढं पायजे.”

“आणि पाय चांगला दिसला तर?”

“तर वैशाखात उरकू. दहावी काय, नंतरबी व्हती.”

लग्नानंतर झालेली दहावी मी तोवर तरी पाहिली नव्हती. तो गेल्यावर मी त्याच्यावर चिडले, मामावर चिडले, आणि सगळ्यात जास्त त्या उघड्या दारावर. मी ते आयाबापांच्या विश्वासासाठी ठेवलं होतं, आणि बाजारात बैल चालवून बघावा तसं तिथे पोरीला बघून घेतलं जात होतं.

शाळा सुटल्यावर मुलगी माझ्या टेबलाशी आली. तिला सगळं माहीत होतं. घरी भिंती पातळ असतात.

“बाई, मला म्हातारी द्या.”

“पावडर लावावी लागेल.”

“लावीन. बाई, म्हातारी लंगडी न्हाई का करता येणार?”

मी तिच्याकडे बघितलं. ती खाली बघत होती, पण हसू दाबलेलं दिसत होतं. मी हिशेब केला. म्हातारी पहिल्यापासून शेवटपर्यंत पायरीवर, म्हणजे सगळ्यात पुढे. बापाची अट पुरी होत होती.

“लंगडताना पाय ओढायचा नाही,” मी म्हटलं. “ते खोटं दिसतं. आधी कंबर खाली जाते, मग पाय येतो. चाल बघू.”

ती चालली. दुसऱ्या फेरीला मलाच तिच्या पायाची काळजी वाटली. आणि दुसऱ्या दिवसापासून हॉलचं दार पुन्हा उघडं.

गॅदरिंगच्या दिवशी मामा दुसऱ्या रांगेत होता, बरोबर मुलाकडचे आणखी दोघे. पडदा सरकला, पांढऱ्या केसांची म्हातारी काठी टेकत आली आणि पहिल्या वाक्यालाच गाव हसलं. तिघे हसले नाहीत. ते वाकून तिच्या पायांकडे बघत होते. तरी मला वाटलं, भूमिका आहे हे त्यांनाही कळणारच.

माझा एक नियम होता. नाटक संपलं की सगळ्यांनी भूमिका विंगेत ठेवायची आणि आपल्या चालीने येऊन नमस्कार करायचा. तशा सगळ्या आल्या. ती शेवटी आली, काठी नाही, पाठ ताठ, पदराने पावडर पुसलेली. आणि डावीकडे कंबर खाली, मग पाय.

मामाने शेजारच्याच्या मांडीवर हात मारला. “बग. म्हणलं नव्हतं?” तिघे बक्षीस समारंभाला थांबले नाहीत.

मी विंगेत धावले. “पाय दुखावला का गं?”

तिने जागेवर एक गिरकी घेतली, स्वच्छ, आणि पदर नीट केला.

बाप नंतर आला तेव्हा मी साड्या मोजून घड्या घालत होते. आता हा ओरडणार, मुलीचा दाखला काढून नेणार, अशी तयारी मी मनात केली होती. तो साड्यांच्या ढिगाशी येऊन उभा राहिला.

“सकाळी इहिरीवरून दोन हंडे आनले तिनं,” तो म्हणाला. “तवा न्हाई लंगडली.”

मी पुढची साडी घडीला घेतली.

“तुमी शिकवलं?”

“भूमिकेपुरतं.”

“लई झ्याक शिकवलं.” तो हसला का, ते अजून सांगता येणार नाही. “मंग आता दहावी झाली की इसरायलाबी शिकवा.”

जूनमध्ये ती दहावीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसली होती. खो-खोत तिला कुणी पकडू शकत नसे. पण फाटकाबाहेर मोटारसायकलचा आवाज आला की ती धावता धावता थांबायची, कंबर खाली जायची, मग पाय. आणि मी मान वळवून बघायची, कोण आलं ते.