कापडाला दुसरा डाव नसतोय

कसोटी सामना सुरू झाला की आमच्या समोरचे दत्तूकाका शिंपी कात्रीला हात लावत नसत. शिवत, काजं करत, बटणं लावत, इस्त्री फिरवत. पण कापड बेतायचं म्हटलं की मान हलवत. तेव्हा पाच दिवसांच्या सामन्यात मध्ये एक दिवस खेळाडूंना सुट्टी असे. त्या दिवशी काकांच्या दुकानापुढे राजारामपुरीतल्या बायकांची ही रांग! तिकडे खेळाडू लोळत पडलेले आणि इकडे काका साठलेलं सगळं कापड कापून मोकळे.

"गडी बाद झाला की हात हिसका खातोय," ते सांगत. "फलंदाजाला दुसरा डाव असतोय. कापडाला न्हाय."

हे उगाच नव्हतं. एकदा आपला भरवशाचा फलंदाज शून्यावर गेला आणि त्याच क्षणी एका हेडमास्तरांची विजार गुडघ्यापाशी संपली. ती पुढे त्यांच्या धाकट्या मुलाला पुरली म्हणतात.

काका अंगानं काडी. गळ्यात टेप, कानावर खडू. हा खडू दोन कामांचा, कापडावर खुणा करायला आणि दाराबाहेरच्या फळ्यावर सामन्याचे आकडे लिहायला. दुकानात रेडिओ नव्हता. आमचा रेडिओ गॅलरीच्या कठड्यावर मोठ्यानं लावलेला असे, तो ऐकून काका फळा भरत. येणारे-जाणारे सायकलवरून एक पाय टेकून फळा वाचत आणि पुढं जात. पाहुण्या संघाच्या कुणाचं शतक झालं तर कुणीतरी ओरडे, "काका, त्येचं नाव एवढं ठळक कशाला?" काका म्हणत, "आकड्याला आपला-परका नसतोय, पावणं." त्या फळ्यावर कधी एक धाव इकडची तिकडे झाली नव्हती. शिलाईपेक्षा काकांना फळ्याचाच अभिमान जास्त.

आणि तो फळा मी नासवला.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, आणि अख्खं कोल्हापूर आपल्याकडेच बघतंय अशी माझी खात्री. बघत कुणी नव्हतं. पण खात्रीला पुरावा लागत नाही. अशात कोडोलीहून निरोप आला की उद्या सकाळी दहाला पाहुणे मुलगी बघायला येतायत. मुलगा कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात कारकून. आईनं आपल्या शालूतलं उरलेलं डाळिंबी कापड काढलं आणि मी ते घेऊन, फुग्याच्या बाह्यांची स्वप्नं बघत, रस्ता ओलांडला.

"आज न्हाय," काका म्हणाले. "शेवटचा दिवस हाय सामन्याचा. आपली पोरं तग धरत्यात का बघू. खेळ संपू दे."

"खेळ संपेपर्यंत दिवे लागतील. दिव्यात तुम्ही बेतत नाही."

"व्हय. न्हाय बेतत."

"काका, उद्या पाहुणे येणार आहेत!"

"पावणं आजबी आलेत की. मैदानात उभं हायत. त्यास्नी आधी वाटंला लावू."

मी कापड तिथंच ठेवून घरी आले आणि रेडिओचा आवाज बारीक केला. गॅलरीतून ओरडले, "काका, खरखरतोय! मी कानाला लावून ऐकते नि तुम्हाला सांगते!"

"सांग की! वाघीण हायस!"

पहिल्याच षटकात आपला एक गेला. मी ओरडले, "मस्त चाललंय!" दुसरा गेला. "चौकार!" तिसरा धावचीत झाला, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. उपाहारापर्यंत चार गेले आणि मी कठड्यावरून घोषणा केली, "एकही गडी बाद नाही!"

काकांनी तस्सं फळ्यावर लिहिलं. मग शीळ घालत कात्री उचलली आणि माझं डाळिंबी कापड एका दमात असं बेतलं, की तसा ब्लाउज मी पुन्हा अंगात घातला नाही. इकडे फळ्यासमोर गर्दी. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारतायत, कुणी काकांना चहा पाजतंय. मी गॅलरीत उभी राहून बाह्यांचा विचार करतेय.

चहापानाच्या आधीच एक जण सायकल दामटत आला. "कसला एकबी न्हाय? सगळं खलास! डावानं हरलो की!" जो हशा उसळला तो काकांवर. "काका, कुठला सामना लिवलाय ह्यो? पुढच्या सालचा?" काकांनी वर गॅलरीकडे पाहिलं. मी पडद्याआड. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. ओल्या फडक्यानं फळा पुसला आणि लिहिलं, 'पाहुणा संघ एक डाव राखून विजयी. सकाळचा आकडा चुकीचा होता.' संध्याकाळी ब्लाउज आणायला मी आईला पाठवलं. मला धीर नव्हता.

दुसऱ्या दिवशी दहाला पाहुणे आले. मी फुग्यांसकट पोह्यांच्या बशा ठेवल्या. मुलाचे वडील खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "ह्यो समोरचा शिंपी लई लबाड दिसतोय. काल आमचा बाळू घर बघून ठेवाय आलता. फळा वाचला नि कारखान्यात जाऊन सांगितलं, सामना वाचला म्हणून. पोराचं पार हसं झालं."

माझे वडील शाळामास्तर, सभ्य माणूस. पाहुण्यांचं मन राखायला म्हणाले, "हो, आहे खरा तसाच."

मला कुठून बुद्धी झाली देव जाणे. "ते लबाड नाहीत. मी आहे," म्हणाले आणि रेडिओपासून बाह्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. बाळूनं माझ्या बाह्यांकडे पाहिलं. त्याच्या वडिलांनी काठी उचलली. "ब्लाउजापायी गल्ली फसवणारी सून? येतो आमी." (माझं लग्न पुढं झालं, काळजी नको.)

जिन्यावर त्यांना काका भेटले. दहा मिनिटांत पाहुणे परतलेले बघून ते चौकशीला येत होते. ते वर आल्यावर माझ्या वडिलांनी ओशाळून सारं सांगितलं. मला वाटलं, आता काका माझ्या डोक्यावरून हात फिरवतील.

"कुसमे," ते कडाडले, "खोटं बोललीस ते बोललीस. पर खरं बोलाय आजचाच दिवस गावला व्हय तुला? चांगलं स्थळ घालवलंस की! माझा फळा काय, फडकं मारलं की नवा!"

फडकं मारून झालेलं हसं निघणारं नव्हतं हे त्यांनाही ठाऊक होतं. पण ते टेकले. आईनं भरलेल्या बशांतली एक त्यांच्या हातात दिली. दोन घास खाऊन हळूच म्हणाले, "आता सांग. पहिला गडी कसा गेला?"

"पेपरात आलंय की, काका."

"पेपरात आकडा असतोय. तू ऐकलंयस. सगळं सांग, एकबी गाळू नको."

मी खाली बसले आणि सांगितलं. चेंडू कसा वळला, धावचीत कसा झाला, चौथ्याची यष्टी कशी लांब उडाली. प्रत्येक गड्याला काकांचा घास थांबे, मान हले, मग पुन्हा चावणं सुरू. दहावा गेला तेव्हा बशी रिकामी झाली होती. त्यांनी ती खाली ठेवली, टेप गळ्यात नीट केली आणि म्हणाले, "काय बी म्हण, पावणं चांगलं वागलं बग. चांगलं खेळून जिंकलं."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "चांगलं कसलं वागलं डोंबलाचं? पोह्यांना हातसुद्धा न लावता गेलं की!"