सतरा नंबरचं घर

"मॅडम, सतरा नंबर इस गली में कोई जानता ही नहीं!" करोल बागेतून आमचा रायडर मनोज फोनवर वैतागला होता. ही त्याची तिसरी फेरी. पिशवीत अरोरा आंटींचं इन्सुलिन होतं आणि आंटींकडे उद्या सकाळपुरतंच उरलं होतं. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे फोन वाजत राहायचा. ऑर्डर देणारा त्यांचा मुलगा बंगळुरूत.

मी गुडगावच्या औषध पोचवणाऱ्या कंपनीत डेटा सांभाळते. स्क्रीनवर पत्ता अगदी स्वच्छ दिसत होता: '१७, गली नंबर ६, करोल बाग'. यात चुकण्यासारखं आहे काय?

"लास्ट मंथ तो पहुँच गया था ना?" आमचे बॉस सेठी सर म्हणाले. "फिर अब क्या हुआ, यार?"

मला काही म्हणता काही कळेना. मी मनोजवर संशय घेतला, नकाशावर घेतला, आंटींच्या मुलावरही घेतला. स्वतःवर तेवढा घेतला नाही.

मग आठवलं. कंसातल्या मजकुरामुळे ॲपचा नकाशा अडायचा, म्हणून मागच्या आठवड्यात मीच पत्त्यांच्या कॉलममधले कंस आतल्या मजकुरासकट उडवले होते. त्यासाठी रेजेक्स वापरला. रेजेक्स म्हणजे मजकूर शोधायचा साचा. त्यात बसेल ते बदलता येतं. दहा पत्त्यांवर तपासलंही होतं. '(दूसरी मंज़िल)' बरोबर गेलं होतं.

घाबरतच जुनी फाइल उघडली. '१७ (नया) २२४१ (पुराना), गली नंबर ६'.

माझ्या दहा पत्त्यांत एकेकच कंस होता. इथे दोन होते, आणि माझ्या साच्याने पहिल्या कंसाच्या सुरुवातीपासून शेवटच्या कंसाच्या टोकापर्यंत सगळंच गिळलं होतं. मधला २२४१ सुद्धा. नवा नंबर कागदावर असतो. गल्ली जुन्यानेच ओळखते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मनोज, बाईस सौ इकतालीस पूछो!"

"अरे, उसी के चबूतरे पे तो बैठा हूँ, मॅडम!"

मागून दार उघडल्याचा आवाज आला. "बेटा, कब से यहीं बैठे हो," आंटी म्हणत होत्या, "पानी पियोगे?"

साच्यात एक प्रश्नचिन्ह घातलं आणि तो जवळच्याच कंसाशी थांबायला लागला. आता मी मूळ कॉलम पुसत नाही, शेजारी नवा करते. त्या पत्त्याने दोन्ही नंबर उगाच जपलेले नव्हते.